सूनबाईची सायकल आणि माझी दलाली

ज्याला पुढचं खोटं वाटेल त्याने सरळ मातोरीला यावं. मखमलाबाद ओलांडलं की शेवंतीची वावरं लागतात, तिथं कुणालाही झुंबर दलालाचं घर विचारावं. सायकल ओट्यावर उभी आहे. तिला हात लावून बघावा आणि मग माझ्या तोंडावर म्हणावं, झुंबर थापा मारतो. आजवर बरेच आले. चहा पिऊन गेले.

दलाल म्हणजे बैलांचा. मूळचा मी नांदगावकडचा. नांदगावपासून घोटीपर्यंत ज्या बाजारात बैल उभा राहिला, त्या बाजारात मीही उभा राहिलो. घोटीला एकदा मी एक पांढरा बैल विकला. त्याचा माझ्यावर एवढा जीव की नव्या मालकाने कासरा सोडला की तो आपल्या पायांनी चालत माझ्या दारात हजर. असा तो मी तिघांना विकला. तिघांनीही तो परत न्यायला येताना मला पेढे आणले, कारण बैल घरी पोचेपर्यंत वाटेतल्या सगळ्या गावांत त्याचं नाव झालेलं असायचं. आता बाजारच राहिले नाहीत. ट्रॅक्टरचे दात बघून वय सांगता येत नाही, म्हणून मी घरी बसलो. पण नजर घरी बसत नाही.

माझी सून मनीषा. पंचवटीतल्या एका पतसंस्थेत कारकून आहे. माझा मुलगा मनोज इगतपुरीला रेल्वेत, आठवड्याने घरी येतो. मनीषाला सायकलीचं वेड. बाजारात जायची साधी सायकल नव्हे, मेंढ्याच्या शिंगांसारखं हँडल वळलेली, बारीक चाकांची. जुनी घेतलेली, निळी, रंग उडालेली. ऑफिसच्या आधी उठून गंगापूर धरणापर्यंत जाऊन यायची. एका श्रावणात ती मनोजला डबा द्यायला इगतपुरीपर्यंत गेली. तिकडचा वारा तुम्हाला माहीत आहे, पाऊस खालून वर पडतो. समोरून असा वारा लागला की डब्यातली आमटी आटून पिठलं झालं. मनोजने ते वडीसारखं कापून खाल्लं. त्याला विचारा.

तर विंचूरला एक शर्यत ठरली. टाइम ट्रायल म्हणतात तिला. एकेकाने सुटायचं, दुसऱ्याच्या पाठीमागे वाऱ्याला लपायचं नाही, फक्त घड्याळाशी भांडायचं. त्यासाठी सायकलही वेगळी असते. पुढे दोन शिंगं निघालेली, त्यांच्या मुळाशी कोपरं टेकायची आणि देवापुढे वाकावं तसं वाकून पाय मारायचे. मनीषाला या मुख्य शर्यतीत उतरायचं होतं. बाकी काही नको, नंबर नको, बक्षीस नको. जिथं सगळे घड्याळाशी भांडतात तिथं तिलाही एकदा भांडायचं होतं.

शर्यत भरवणाऱ्या सायकल क्लबचा सेक्रेटरी राकेश आमच्याकडे आला होता, देणगीचं बोलायला. टाइल्सचं दुकान आहे त्याचं. मनीषाने नाव द्यायचं म्हटल्यावर तो हसला.

“वहिनी, तुम्ही फन राइडला या ना. थोडंसं अंतर, सपाट रस्ता, शेवटी पोहे. मेडल सगळ्यांना.”

“पोहे मी घरी करते,” मनीषा म्हणाली. “मला टाइम ट्रायलला नाव द्यायचंय.”

“त्याला टीटी बाइक लागते, खास टाइम ट्रायलची. क्लबचा नियम आहे. शनिवारी तपासणी होते, तिथं पास झाली तरच.”

“आणते.”

“अहो, ती काय भाजी आहे? तुमच्या मापाची तर नाशकात शोधूनसुद्धा मिळायची नाही.”

“शनिवारी भेटू, राकेशभाऊ,” ती म्हणाली आणि त्याच्या पुढ्यातली रिकामी कपबशी उचलून आत गेली. तो उठला नाही तोवर ती बाहेर आली नाही.

तिने वर्षभर यात डोकं घातलेलं होतं. मला समजावलं, आबा, यात सगळ्यात आधी माप. माणूस सायकलीवर बसला नाही तर सोन्याची असली तरी वाया. मग ब्रेक नीट हवेत, गिअर साधे चालतील, फ्रेम अॅल्युमिनियमची असली तरी चालेल. पैसे उरले तर चांगले टायर आणि अंगाला घट्ट बसणारे कपडे. आऱ्यांऐवजी अख्ख्या चकत्यांची चाकं सगळ्यात शेवटी, नसली तरी बिघडत नाही. वाऱ्याला अडवतं ते माणसाचं अंग, सायकल नाही.

“हे तर बैलासारखंच हाय,” मी म्हणालो. “रंग बघायचा नाय, शिंगांना लावलेलं हिंगूळ बघायचं नाय. खांदा जुवाला बसतो का ते बघायचं. चल, मी येतो.”

“तुम्ही कशाला?”

“पैसे तुझे, पाय तुझे. तोंड कुणाचं? सौदा करायला तोंड लागतं.”

ती म्हणाली, “आबा, बैल नाहीये तो.” पण नको असं म्हणाली नाही. इथपर्यंत चूक असली तर तिचीही आहे, एवढं लक्षात ठेवा.

आता आमच्या धंद्याची एक रीत सांगतो, ती कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. बाजारात जे जनावर मनात भरलं त्याच्याकडे बघायचं नाही, आणि बघितलंच तर नावं ठेवायची. जे घ्यायचं नाही त्याचं तोंड भरून कौतुक करायचं. समोरच्या मालकाला हे ठाऊक असतं. त्याला ठाऊक आहे हे आपल्यालाही ठाऊक असतं. तरी दोघं मनापासून बोलतात, एकमेकांच्या आईबापांपर्यंत जातात, आणि शेवटी रुमालाखाली हात घालून बोटं दाबून भाव ठरवतात. वर सगळे बघत असतात, पण कुणाला आकडा कळत नाही. मग दोघं एका ताटात जेवतात. नावं ठेवल्याशिवाय घेतलेला बैल घरी आणला तर मालकालाच शंका येते, की माझ्या जनावरात असं काय वाईट होतं की हा माणूस बोललाच नाही.

पहिल्यांदा गेलो कॉलेज रोडच्या शोरूमला. मालकाचं नाव राज. त्याने काचेच्या खोलीतली एक काळी कुळकुळीत सायकल दाखवली, कार्बनची. म्हणजे कोळशाच्या धाग्यापासून विणलेली म्हणे. किंमत ऐकून मला वाटलं सोबत हाकणारा आणि वर्षाची पेंड मिळत असेल. मी खिशातून नाणं काढून तिच्या अंगावर ठिकठिकाणी वाजवलं आणि कान लावला. राज म्हणाला, “वा काका, बरोब्बर. क्रॅक असली की आवाज बद्द येतो.” मला ते माहीत नव्हतं. मी आपला रिकाम्या पिंपासारखं वाजवून बघत होतो.

मनीषा माझ्या कानाशी म्हणाली, “आबा, ही मला दोन मापं मोठी आहे.”

झालं. म्हणजे ही घ्यायची नाही. मी सुरू झालो. काय अंग आहे, काय मान आहे, हिच्यावर बसलं की विंचूरला गेलेला माणूस मनमाडला थांबेल, हिच्यापुढे बाकीच्या म्हणजे पाणी आणायच्या सायकली. राज ऐकत गेला आणि फुगत गेला. तोही आता उलट बोलेल, म्हणेल की नाही हो काका, एवढी काही चांगली नाही, अशी मी वाट बघत होतो. त्याने कॉफी मागवली. मग कार्ड घासायचं यंत्र आणलं.

“मॅडम, आजोबांना पारख आहे,” तो म्हणाला. “कुठल्या नावाने बिल करू?”

तिथून सुटताना मला चक्कर आल्याचं नाटक करावं लागलं. ते मी चांगलं केलं. राजने मला स्वतः रिक्षात बसवलं आणि पुढचे किती तरी दिवस तो तब्येतीची चौकशी करायला फोन करायचा. चौकशीच्या शेवटी सायकल अजून आहे असं सांगायचा.

रिक्षात मनीषा म्हणाली, “आता इंदिरानगरला जायचंय. आबा, ऐका. ही सायकल मला हवीय. चार महिने मी हिचे फोटो बघतेय. अॅल्युमिनियमची, वापरलेली, पण माझ्या मापाची. या मापाची दुसरी नाशकात नाही. तिथं काही बोलू नका.”

तिने सांगितलं की हवीय. दलालाला याहून जास्त काय सांगायचं असतं?

त्या सायकलीचा मालक कुंदन. सातपूरच्या एका कारखान्यात इंजिनिअर, उंचीने बेताचा, म्हणून सायकल लहान मापाची. गुडघा गेला, डॉक्टरांनी बंद करायला सांगितलं, म्हणून विकायला काढलेली. पण ठेवली होती कुठं? दिवाणखान्यात, टीव्हीच्या शेजारी. दसऱ्याला घातलेली झेंडूची माळ वाळून गेली तरी हँडलला तशीच. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं, असं मनीषा म्हणते. मी म्हणतो, बैलालाही आम्ही माळ घालतो आणि दुसऱ्या दिवशी विकतो.

“बसा ना ताई,” कुंदन म्हणाला. “काका, पाणी घ्या. गोव्याची ट्रायथलॉन मी हिच्यावर केली. पोहून समुद्रातून बाहेर आलो, पाय थरथरत होते, पण हिच्यावर बसलो आणि…”

मनीषा सायकलीकडे बघत होती. असं उघडउघड, लहान मुलं बर्फाच्या गाडीकडे बघतात तसं. आता भाव चढणार हे मला दिसलं. मला मधे पडावंच लागलं.

“हिची पाठ वाकडी हाय,” मी म्हणालो.

कुंदन थांबला.

“आणि पोट आत गेलंय. उपाशी ठेवली होती का? चाकं बघ मनीषा, पुढचं पूर्वेला जातं तर मागचं पश्चिमेला. समुद्राचं पाणी लागलेलं दिसतंय, आतून कुजली असंल. अहो, ही शर्यतीला नेली तर धक्का मारायला माणूस लागंल.”

घोटीचा कुठलाही माणूस इथं खूश झाला असता. गिऱ्हाईक मनापासून घ्यायला आलंय हे त्याला कळलं असतं. तो म्हणाला असता, म्हाताऱ्या, डोळ्यांचं ऑपरेशन करून घे, आणि आम्ही दोघं रंगात आलो असतो. कुंदनचे कान लाल झाले. मला वाटलं, आता बोलेल. मी खांद्यावरचा टॉवेल काढून हातावर पसरला आणि हात पुढे केला, भावाच्या बोलीसाठी.

“हाताला लागलंय का तुमच्या?” कुंदन म्हणाला.

“नाय, आत हात घाला.”

“का?”

“बोटं धरा ना.”

तो मागे सरकला. मग मनीषाकडे वळला आणि हळू आवाजात म्हणाला, “ताई, मला विकायची नाहीये.”

“कुंदनभाऊ, आबांचं मनावर घेऊ नका. त्यांच्या बाजारात असंच बोलतात. मला ही सायकल हवीय. तुम्ही सांगितलेल्या भावात हवीय, एक रुपया कमी नको.”

साठ वर्षांच्या धंद्याचं तिने एका वाक्यात दहावं घातलं.

“तुमच्याबद्दल काही नाही, ताई,” कुंदन म्हणाला. “पण ही ज्या घरात जाईल तिथं रोज असं ऐकून घेणार का? नाही. मी ठेवतो. गुडघा बरा होईल कधीतरी.” दार लावता लावता तो म्हणाला, “शनिवारी विंचूरला तपासणीला मीच असतो. तुमची सायकल आणा, बघू.”

खाली उतरून मनीषा रस्त्याच्या कडेला उभी राहिली. रिक्षाला हात केला नाही.

“आबा, वर जा आणि माफी मागा.”

“दलाल शब्द मागे घेत नाय.”

“मग इथंच थांबा.”

ती पुन्हा वर गेली. मी खाली गुलमोहराच्या सावलीत. ती गेली तशीच परत आली. तोंडावरून कळलं की दार उघडलंच नाही. मी काहीतरी बोलायला गेलो, तर ती म्हणाली, “आता एक शब्द नाही. घरापर्यंत नाही.” आणि आम्ही मातोरीपर्यंत गप्प आलो. रिक्षावाल्याने दोनदा मागे वळून पाहिलं, आम्ही आहोत की उतरलो म्हणून.

संध्याकाळी ती ओट्यावर आली आणि आपल्या जुन्या निळ्या सायकलीपुढे बसली. मी शेवंतीच्या जुड्या बांधत होतो. मला वाटलं रडेल. तिने सायकल उलटी केली आणि चाक फिरवलं.

“माप तर हिचंही माझंच आहे,” ती म्हणाली. मला नाही, सायकलीला.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर ती राजच्या शोरूमला गेली आणि फक्त शिंगं घेऊन आली. कोपरं टेकायच्या गाद्यांसकट, जुन्या हँडलवर बसवायची. मला सोबत नेलं, पण फुटपाथवर उभं केलं. काचेतून राजने मला ओळखलं, हात हलवला, आणि पेटी केवढीशी आहे ते बघून त्याचा हात खाली आला.

घरी तिने स्वतः पाना-पकड घेऊन ती शिंगं बसवली. सीट पुढे सरकवली, हँडल खाली घेतलं. मग भिंतीला एक हात टेकून वर बसली आणि वाकली. गल्लीतल्या दोन बाया थांबून बघायला लागल्या. सासऱ्यासमोर सून अशी मांड ठोकून बसली म्हणून त्यांच्यात कुजबुज झाली. मी म्हणालो, “बघता काय? एवढं वाकून तुमच्या सुनांनी कधी तुम्हाला नमस्कार केलाय का?” त्या गेल्या.

“आबा, बाजूने बघा. कशी दिसतेय?”

आता बोलायची परवानगी होती म्हणून मी बोललो. म्हणालो की पाठ छान सपाट आहे, वर वाटी ठेवली तर पाणी सांडायचं नाही. पण छाती गुडघ्यांनी दाबली जातेय, जू फार खाली बांधल्यावर बैल धापतो तसं. तिने गाद्या बोटभर वर घेतल्या. पुन्हा बसली. पुन्हा खाली उतरून बोटभर खाली घेतल्या, कारण तिला माझं पटलं नाही. मग गंगापूर रोडला एक फेरी मारून आली आणि काही न बोलता परत वर घेतल्या. मीही काही बोललो नाही. बोललो नाही म्हणजे, फार नाही.

मनोज घरी आला होता. त्याने सायकल बघितली आणि विचारलं, “हे राकेश चालू देईल?”

“राकेशला विचारायला मी नाही चाललेय,” मनीषा म्हणाली. “मी पळवायला चाललेय.”

शनिवारी दुपारी विंचूरला पोचलो. वाईन पार्कच्या बाहेरच्या मोकळ्या जागेत मांडव. ओळीने सायकली उभ्या, एकेक अशी की विमानाचे पंख कापून केल्यासारखी. राकेशची तर मागच्या चाकाला ताटासारखी अख्खी काळी चकती. आमची निळी त्यांच्यात उभी राहिली तेव्हा खरं सांगतो, लग्नात मुंडावळ्यांच्या शेजारी नांगराचा फाळ ठेवावा तशी दिसली.

राकेश आलाच. “वहिनी, हे काय? ही टीटी नाही. रोड बाइकला शिंगं बांधलीत तुम्ही.”

“कोपरं टेकतात,” मनीषा म्हणाली.

“तसं चालत नाही. लोक लाखो घालून येतात, आपली काही लेव्हल आहे. फन राइडचं टेबल तिकडे आहे.”

“तपासणी तुम्ही करता का?”

“मी सेक्रेटरी आहे.”

“मग तपासणारे कुठायत?”

तपासणारा कुंदन सायकलींच्या रांगेतून आमच्याकडेच येत होता. मला बघून त्याचा चेहरा घट्ट झाला. मी टॉवेल खांद्यावरून काढून कमरेला बांधला, उगाच गैरसमज नको. तो निळ्या सायकलीपुढे उकिडवा बसला, दुखरा गुडघा सांभाळत. ब्रेक दाबून बघितले. शिंगं दोन्ही हातांनी पिळून बघितली. सीट हलवली. चाक फिरवून त्याला कान लावला.

“अरे बघतोस काय एवढं?” राकेश म्हणाला. “भंगार आहे ते. दे बाहेर काढून.”

कुंदनचे कान लाल व्हायला लागले. मी ओळखले ते कान.

“राकेशभाऊ, सायकलला भंगार म्हणायचं नाही.”

“अरे पण नियम…”

“नियमात कोपरं टेकायची सोय हवी, ब्रेक हवेत, काही सुटं नको. सायकल दिसायला कशी हवी हे नाही. तुम्ही तुमच्या सायकलीपाशी जा, तुमचा मागचा ब्रेक घासतोय. तो नीट केल्याशिवाय तुम्हालाही सोडणार नाही.”

मनीषा म्हणाली, “कुंदनभाऊ, परवाचं वाईट वाटलं म्हणून मला पास करू नका. काही कमी असेल तर सांगा.”

“कमी आहे,” तो म्हणाला. “हँडलचं हे टोक उघडं आहे. पडलात तर पाइप पोटात घुसेल. इथं बूच पाहिजे. बूच नसेल तर मी सोडणार नाही, तासाभरात मांडव बंद होतो.”

विंचूरच्या बाजारात शनिवारी दुपारी तुम्हाला कांदा हवा तेवढा मिळेल. सायकलीच्या हँडलचं बूच मिळत नाही. मनीषाने सगळ्या सायकलवाल्यांना विचारलं, कुणाकडे जादा नव्हतं, किंवा असून नव्हतं. राकेश खुर्चीवर बसून घड्याळ बघत होता.

मी मांडवातून निघालो. माझ्या गळ्यात माळ आहे, दारूच्या वासाला मी रस्ता बदलतो. असा मी त्या पार्कमधल्या एका वाईनच्या कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. वॉचमन नांदगावचाच निघाला, देवराम नावाचा. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“आबा, तुमी आन इथं?”

“बूच पाहिजे.”

“बाटली?”

“बाटली नको रे, नुसतं बूच.”

“कोणत्या वाईनचं? लाल का पांढरी?”

“निळ्या सायकलीचं,” मी म्हणालो. तो आत गेला. तुम्हाला सांगतो, त्या फाटकात उभं राहणं मला कुठल्याही बाजारापेक्षा जड गेलं. विंचूरहून मातोरीला जाणारे सगळे पिकअप नेमके तेव्हाच तिथून गेले, आणि प्रत्येकाने हॉर्न दिला. देवरामने ओंजळभर बुचं आणली. मी भाव केला नाही. नावं ठेवली नाहीत. “छान हायत,” म्हणालो. म्हणताना जीभ चावली.

बूच थोडं जाड होतं. मनीषाने दगडावर घासलं आणि तळहाताने ठोकून बसवलं. कुंदनने ओढून बघितलं, निघालं नाही. त्याने बुचाचा वास घेतला, माझ्या गळ्यातल्या माळेकडे बघितलं आणि सायकलीला हिरवी पट्टी चिकटवली.

रविवारी सकाळी वारा सुटला. बाजार बंद, पण आठवडाभराच्या कांद्याचे पापुद्रे रस्त्याभर पडलेले. वाऱ्याने ते सगळे एकदम उठले. लाल ढग म्हणा. पहिला सुटलेला स्वार त्यात शिरला तो परत आला तेव्हा घरच्यांनी त्याला आवाजावरून ओळखला. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या मिशीत एवढे पापुद्रे अडकले की त्याची मिशी सोलून काढावी लागली.

राकेश सुटला. थोड्या वेळाने मनीषा. तिने मागे वळून बघितलं नाही. कोपरं टेकली, पाठ सपाट केली, आणि त्या लाल ढगात निळी सायकल गेली. राकेशच्या चकतीच्या चाकाला बाजूने वारा लागत होता. शिडासारखं. आडव्या वाऱ्यात तो एकदा रस्त्याच्या या कडेला, एकदा त्या कडेला. हे खोटं नाही, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभं राहून मी लांबपर्यंत बघत होतो.

परत येताना आधी एक ठिपका दिसला. सगळे म्हणाले, राकेशभाऊ. मी म्हणालो, निळी आहे. सगळे म्हणाले, आबांना काय दिसतंय या वयात. मग ती जवळ आली. दातांत पापुद्रा, डोळे लाल, मान खाली. ओरडायला सगळे विसरले. ती गेल्यावर बऱ्याच वेळाने राकेश आला.

पहिला आला देवळालीचा एक फौजी. मनीषा मधे कुठंतरी आली. तिचा नंबर मी सांगणार नाही. सांगितला तर तुम्ही म्हणाल, एवढंच? आणि मग मला तो वाढवावा लागेल.

राकेश पाणी पीत म्हणाला, “वहिनी, आज वाऱ्याने तुम्हाला साथ दिली.”

“वारा सगळ्यांना एकच होता, राकेशभाऊ.”

“पुढच्या वर्षी आम्ही लेडीजची वेगळी कॅटेगरी करतोय.”

“करा,” ती म्हणाली. “मी ह्याच रांगेत उभी राहीन.”

कुंदन लंगडत आला. त्याने निळ्या सायकलीच्या गाद्या अंगठ्याने दाबून बघितल्या. मग म्हणाला, “ताई, ती माझी सायकल… तुम्हाला हवी असेल तर.”

मी तोंड उघडलं. मनीषाने माझ्याकडे बघितलं. मी मिटलं.

“आत्ता नको, कुंदनभाऊ,” ती म्हणाली. “हिच्यात अजून बरंच बाकी आहे. ते संपलं की येते.”

“आजोबांना आणणार?”

“बघू.”

मग फोटो. मुख्य शर्यतीतल्या सगळ्यांनी आपापल्या सायकली घेऊन उभं राहायचं. वर्तमानपत्रवाला आलेला. दोन टोकांना काळ्या चकत्यांच्या सायकली, आणि मनीषाने आपली निळी नेऊन बरोबर मधे उभी केली, राकेशच्या शेजारी. मग ती तोंड धुवायला नळावर गेली आणि सायकल माझ्या हातात दिली.

“आबा, ती जरा बाजूला घेता का?” राकेश म्हणाला. “फोटोत बरं दिसत नाही.”

“मी धरलेलं जनावर हलत नाय.”

“तसं नाही हो, फक्त फोटोपुरतं.”

“फोटोपुरतं तू बाजूला हो.” मी टोपी सारखी केली आणि त्याच्या पुढ्यात सरकलो.

“आबा, लोक थांबलेत.”

“थांबू दे. मी घोटीच्या बाजारात दिवसभर उभा राहायचो, मला काय घाई हाय?”

फोटोवाला कंटाळला आणि त्याने बटण दाबलं. तोवर मनीषा ओल्या तोंडाने येऊन उभीही राहिली होती. फोटो छापून आला. निळी मधे आहे, मनीषा तिच्यामागे आहे, आणि राकेशचं तोंड होतं तिथं माझी टोपी आहे.